कॉइल वाइंडिंगचे घरगुती यंत्र: तारेपासून सुरू केलेली रचना

छोटे ट्रान्सफॉर्मर, रिले आणि प्रयोगांसाठी लागणारी विद्युतचुंबके स्वतः तयार करायची म्हटली की बाकीच्या सगळ्या कामांपेक्षा जास्त वेळ आणि जास्त चिकाटी तार गुंडाळण्यात खर्ची पडते. एका बाजूला मूठ, मध्ये बॉबिन आणि शेजारी वेढे मोजणारा काउंटर, अशा हाताने फिरवायच्या यंत्रावर मी पुष्कळ कॉइल गुंडाळल्या आहेत आणि जाड तारेच्या, कमी वेढ्यांच्या कॉइलसाठी आजही तेच यंत्र वापरतो. पण तार ०.२ मिमीच्या आसपास आली आणि वेढे हजाराच्या पुढे गेले की एका हाताने मूठ फिरवणे, दुसऱ्या हाताच्या बोटांत तारेचा ताण सांभाळणे आणि त्याच बोटांनी वेढ्याला वेढा भिडवत तार पुढे सरकवणे ही कामे एकाच वेळी नीट होत नाहीत. सुरुवातीचे थर सुबक बसतात, मग कुठेतरी एक वेढा दुसऱ्यावर चढतो, त्यावरचा थर उंचसखल होतो, आणि शेवटी हिशेबाने मावायला हवी ती कॉइल बॉबिनच्या कडांबाहेर येऊन गाभ्याच्या खिडकीत, म्हणजे कॉइलसाठी गाभ्यात ठेवलेल्या मोकळ्या जागेत, बसत नाही. ही तिन्ही कामे वेगवेगळी करून यंत्राकडे सोपवावीत, या विचाराने मी रचनेला हात घातला.

यंत्राने काय काय गुंडाळायचे हे आधी कागदावर उतरवले, कारण मर्यादा न ठरवता सुरुवात केली तर प्रत्येक भाग मोठा आणि महाग होत जातो. मी ०.१ ते ०.५ मिमी व्यासाची इनॅमल केलेली, म्हणजे विजेला अडवणारा पातळ लेप दिलेली, तांब्याची तार, ६० मिमीपर्यंत रुंदीचे आणि ८० मिमीपर्यंत बाहेरच्या व्यासाचे बॉबिन, गोल आणि चौकोनी दोन्ही, एवढा पल्ला धरला. नमुना म्हणून एक ठरावीक कॉइल डोळ्यांसमोर ठेवली. ती म्हणजे २५ मिमी × २५ मिमी छेदाच्या पत्र्यांच्या गाभ्यावरची ट्रान्सफॉर्मरची प्राथमिक कॉइल. व्होल्टेज बरोबर ४.४४ गुणिले वारंवारता, गुणिले वेढे, गुणिले चुंबकीय घनता, गुणिले छेदाचे क्षेत्रफळ, हे सूत्र घेतले, तर ५० हर्ट्झ आणि १.२ टेस्ला धरून, पत्र्यांमधल्या फटी सोडून दिल्या तर, प्रत्येक वेढ्यामागे ०.१६६ व्होल्ट येतात. म्हणजे एका व्होल्टला सहा वेढे आणि २३० व्होल्टला सुमारे १३८० वेढे. तार ०.२ मिमीची, बॉबिनची आतली रुंदी ३५ मिमी. पुढचे बहुतेक आकडे याच कॉइलचे आहेत.

वाइंडिंगचे यंत्र म्हटले की आधी फिरणारा दांडा, मोटर आणि बेअरिंग डोळ्यांसमोर येतात. माझे मत असे झाले आहे की त्या भागाचा विचार सर्वांत शेवटी करावा. दांडा फिरवणे ही या कामातली सोपी बाजू आहे. अवघड आहे ते रिळापासून बॉबिनपर्यंतच्या प्रवासात तारेला सांभाळणे, आणि यंत्राचा चांगलेपणा तिथेच ठरतो. म्हणून मी कागदावर प्रथम तारेचा मार्ग काढला आणि त्याभोवती यंत्र उभे केले.

या प्रवासात सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे तारेवरचे इनॅमल. १८२५ मध्ये विल्यम स्टर्जनने विद्युतचुंबक केला तेव्हा त्याने वार्निश दिलेल्या लोखंडी नालावर उघडी तार गुंडाळली होती आणि म्हणून वेढे एकमेकांपासून दूर ठेवावे लागले होते. पुढे जोसेफ हेन्रीने तारेलाच रेशमाचे आवरण दिले आणि वेढ्याला वेढा, थरावर थर असे गुंडाळणे शक्य झाले. आज ते काम इनॅमल करते, पण त्याची जाडी किती असते हे पाहण्यासारखे आहे. मानकाप्रमाणे ०.२ मिमी तांब्याच्या, पहिल्या श्रेणीच्या इनॅमल तारेचा बाहेरचा कमाल व्यास ०.२२६ मिमी असतो. म्हणजे प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त ०.०१३ मिमी आवरण. एवढ्या पातळ थराला एखाद्या पुलीच्या खोबणीतली बारीक बर (धातू किंवा प्लास्टिकवर राहून गेलेला खरखरीत कंगोरा) किंवा छिद्राची तीक्ष्ण कड सहज खरवडते, आणि दोन खरवडलेल्या जागा शेजारी आल्या की ट्रान्सफॉर्मरमध्ये शॉर्ट झालेला वेढा तयार होतो, जो पूर्ण कॉइलला तापवतो. त्यामुळे तारेला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू एकतर गुळगुळीत सिरॅमिकची असेल किंवा पॉलिश केलेली फिरती पुली असेल, हा पहिला नियम ठरला.

तारेच्या प्रवासाची सुरुवात रिळापाशी होते. रीळ आडव्या दांड्यावर बसवून ते फिरत तार सोडील, ही सर्वांना सुचणारी मांडणी आहे. जाड तारेला ती चालते. बारीक तारेला चालत नाही, कारण भरलेल्या रिळाला वजन असते आणि वजनाला जडत्व. यंत्र सुरू होताना ते जड रीळ ओढून फिरवायचा सगळा भार त्या बारीक तारेवर येतो आणि यंत्र थांबताना रीळ स्वतःच्या वेगाने फिरत राहून तारेचे सैल फेरे बाहेर टाकते. अशा सैल फेऱ्याला पीळ पडून गाठीसारखा दुमड आला की तिथे तार कमजोर झालीच म्हणून समजावे. म्हणून मी रीळ उभे, न फिरणारे ठेवले आणि तार त्याच्या वरच्या कडेवरून, रिळाच्या अक्षाच्या दिशेने, वर काढली. अशा पद्धतीत रिळावरून सुटणाऱ्या प्रत्येक फेऱ्यामागे तारेला एक पीळ बसतो, पण तो लांबीभर पसरतो आणि एकेरी गोल तारेला त्याचा त्रास होत नाही. रिळाच्या वरच्या कडेवर मात्र गुळगुळीत प्लास्टिकचे गोलसर टोपण बसवावे लागते, कारण रिळाची मूळ कड साच्यातून निघालेली असते आणि तिच्यावर बर असते. रिळाच्या मध्याच्या बरोबर वर, दीड फुटाच्या उंचीवर, सिरॅमिकचे पहिले छिद्र आहे. ही उंची जितकी जास्त तितकी तार कडेवरून जाताना कमी घासते.

त्यानंतर ताण. या भागावर मी सर्वांत जास्त विचार केला, आणि या यंत्रातला मला सर्वांत आवडणारा भागही हाच आहे. मऊ केलेल्या तांब्यासाठी दर चौरस मिलिमीटरला १०० न्यूटन ही वरची मर्यादा मी धरली, कारण त्यापुढे तार कायमची लांबू लागते. ०.२ मिमी तारेचे छेदक्षेत्र ०.०३१४ चौरस मिलिमीटर, म्हणजे मर्यादा सुमारे ३.१ न्यूटन. ०.१ मिमी तारेचे क्षेत्र त्याच्या चौथाईच, म्हणून तिची मर्यादा ०.८ न्यूटनच्याही किंचित खाली. व्यास निम्मा झाला की ताण चौथाई करावा लागतो, ही गोष्ट हाताने गुंडाळताना लक्षात येत नाही, कारण बोटांना व्यास जाणवतो, क्षेत्रफळ जाणवत नाही. प्रत्यक्षात मी या मर्यादेच्या निम्म्या ते दोन तृतीयांश ताणावर काम करतो: ०.२ मिमीला दीड ते दोन न्यूटन, म्हणजे १५० ते २०० ग्रॅमचे वजन टांगल्याइतका ताण, आणि ०.१ मिमीला ४० ते ५० ग्रॅम.

हा ताण निर्माण करायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तार फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) दोन चकत्यांमध्ये दाबून ओढणे. तो मी पूर्णपणे सोडला नाही, पण त्याच्यावर सगळा भारही टाकला नाही. फेल्टमध्ये तारेवरची धूळ आणि इनॅमलचे कण साठत जातात, फेल्ट दबून कडक होते, आणि कॉइलच्या सुरुवातीला असलेला ताण शेवटी तोच राहत नाही. म्हणून फेल्टकडे थोडासा आरंभीचा ताण एवढेच काम दिले. त्यानंतर तार एका चाकाभोवती दोन पूर्ण वेढे घेऊन पुढे जाते आणि खरा ब्रेक त्या चाकाच्या अक्षावर आहे. दोन वेढेच का, याला हिशेब आहे. गोल पृष्ठभागावरून वळणाऱ्या तारेच्या दोन बाजूंच्या ताणांचे जे गुणोत्तर घर्षण पेलू शकते ते वळणाच्या कोनाबरोबर घातांकाने वाढते. घर्षणांक ०.२ धरला तर दोन पूर्ण वेढ्यांत ते बारापट होते. म्हणजे फेल्टने वीस ग्रॅमचा ताण दिला तरी चाकावरून तार न घसरता पुढे २०० ग्रॅमपर्यंत ताण घेता येतो, आणि फेल्टमधला चढउतार पुढच्या ताणाच्या मानाने किरकोळ ठरतो, कारण पुढचा ताण मुख्यतः चाकाचा ब्रेक ठरवतो.

याच सूत्राची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. न फिरणाऱ्या खुंटीवरून तार काटकोनात वळवली तर त्याच घर्षणांकाने ताण सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो, आणि अशा तीन खुंट्या वाटेत असल्या तर तो अडीचपटीच्या वर जातो. वरवर पाहताना खुंट्या निरुपद्रवी वाटतात. माझ्या रचनेत ब्रेकच्या चाकानंतर एकही स्थिर खुंटी नाही; वळण आले की तिथे बेअरिंगवर फिरणारी हलकी पुली आहे आणि एकही पुली २५ मिमीपेक्षा लहान नाही.

चाकाला ब्रेक लावला की पुन्हा जडत्वाचा प्रश्न येतो, आणि तो चौकोनी बॉबिनवर सर्वांत जास्त जाणवतो. बॉबिन गोल असेल तर एका फेरीत तार सारख्याच वेगाने ओढली जाते. चौकोनी बॉबिनवर तसे होत नाही. तार बाजूला सपाट टेकलेली असते तेव्हा अक्षापासून तिचे अंतर अर्ध्या बाजूइतके असते आणि कोपरा पुढे आला की ते अर्ध्या कर्णाइतके होते. माझ्या नमुन्याच्या बॉबिनची बाहेरची बाजू २७ मिमी, म्हणजे हे अंतर १३.५ आणि १९.१ मिमीच्या मध्ये हेलकावत राहते आणि तारेचा वेगही त्याच प्रमाणात दर फेरीत चार वेळा वरखाली होतो. मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या वेगाने हे सेकंदाला चाळीस वेळा घडते. ब्रेकचे चाक एवढ्या झटपट वेग बदलू शकत नाही, त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यावर तारेला झटका बसतो आणि प्रत्येक बाजूवर ती क्षणभर सैल होते. लांबट चौकोनी बॉबिनला तर हा फरक आणखी मोठा असतो. एक बाजू दुसरीच्या दुप्पट असेल तर वेग सव्वादोन पटीने बदलतो.

यावरचा उपाय म्हणजे चाक आणि बॉबिन यांच्या मध्ये स्प्रिंगने ओढून धरलेला एक हलका हात, ज्याच्या टोकावरच्या पुलीवरून तार जाते. कोपरा पुढे आला की हात थोडा पुढे झुकून साठवलेली तार सोडतो, बाजू आली की मागे जाऊन ती परत घेतो. हिशेब केल्यावर कळले की माझ्या बॉबिनसाठी प्रत्येक कोपऱ्यावर त्याला जेमतेम मिलिमीटरभर तार घ्यावी-सोडावी लागते. म्हणजे हाताचा पल्ला मोठा असण्याची गरज नाही, तो हलका असण्याची गरज आहे. मी तो कार्बन फायबरच्या पोकळ नळीचा केला, टोकाला प्लास्टिकची पातळ पुली ठेवली आणि स्प्रिंग अडकवण्यासाठी नळीच्या मुळाशी ओळीने छिद्रे पाडली. स्प्रिंग कोणत्या छिद्रात अडकवली यावरून ताण ठरतो. हाच हात ब्रेकशीही जोडलेला आहे: ताण वाढून हात पुढे आला की दोरीने ब्रेकचा पट्टा थोडा सैल होतो, हात मागे गेला की पट्टा आवळतो. त्यामुळे रिळाकडून काहीही गडबड आली तरी ताण आपोआप ठरलेल्या जागी परत येतो. छिद्रांसमोरचे आकडे मी तार न लावता, हाताच्या पुलीवरून दोरा नेऊन त्याला ज्ञात वजने टांगून लिहिले. पुलीवरून तार उलट वळत असल्यामुळे हातावर येणारे बल ताणाच्या दुप्पट असते, हे स्प्रिंग निवडताना धरावे लागते. एवढे करूनही चौकोनी बॉबिनवर मी वेग मिनिटाला २५० फेऱ्यांच्या आसपासच ठेवतो. हलक्यात हलक्या हातालाही स्वतःचे वजन असते, आणि कॉइल लवकर होण्यापेक्षा एकसारख्या ताणात होणे मला जास्त मोलाचे वाटते.

तार आडवी सरकवणारा भाग, म्हणजे गाइड, हा दुसरा महत्त्वाचा प्रश्न. जुन्या यंत्रांमध्ये दांडा आणि गाइडचा स्क्रू गिअरने जोडलेले असतात आणि तारेची जाडी बदलली की गिअर बदलावे लागतात. घरगुती यंत्रात हे काम स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर) आणि मायक्रोकंट्रोलर फार चांगले करतात. मात्र इथे एक निर्णय घ्यावा लागतो: दांडा आणि गाइड दोघांनाही ठरावीक वेगाने चालवायचे, की गाइडला दांड्याच्या मागे मागे न्यायचे. मी दुसरा मार्ग निवडला. दांड्याला साधी गिअर असलेली डीसी मोटर आहे, तिचा वेग पायाने दाबायच्या पेडलने कमी-जास्त होतो, आणि दांड्यावर शंभर खाचांची चकती आहे. दोन प्रकाशीय सेन्सर तिच्या खाचा वाचतात आणि दोघांच्या संकेतांच्या क्रमावरून दिशाही कळते. एका फेरीत असे ४०० संकेत मिळतात. गाइड त्या संकेतांच्या हिशेबानेच सरकतो. त्यामुळे दांडा वेगात फिरो, हळू फिरो किंवा मी तो हाताने उलटा फिरवून दोन वेढे सोडवो, गाइड नेमका त्याच्या बरोबर राहतो. दुरुस्तीसाठी मागे येता येणे ही सोय मला वेगापेक्षा फार मोठी वाटते.

गाइडचा स्क्रू एका फेरीत २ मिमी पुढे जाणारा, एकेरी आट्यांचा घेतला. स्टेपरच्या एका फेरीत २०० पावले आणि प्रत्येकाचे आठ उपभाग, म्हणजे एका मिलिमीटरला ८०० पावले. प्रत्येक वेढ्याला गाइडने ०.२२६ मिमी सरकायचे तर १८०.८ पावले हवीत. अपूर्णांक सोडून १८० पावले टाकली तर ३५ मिमीच्या थरातल्या १५४ वेढ्यांत १२३ पावले, म्हणजे ०.१५ मिमी मागे पडतात, आणि ते अंतर तारेच्या जाडीच्या दोन तृतीयांश आहे. एवढ्या फरकाने थराच्या शेवटी वेढे एकमेकांवर चढू लागतात. यासाठी प्रोग्रॅममध्ये दशांशांचे आकडे अजिबात लागत नाहीत. एका बेरजेच्या खात्यात प्रत्येक संकेताला १८०८ मिळवायचे, खाते ४००० च्या पुढे गेले की एक पाऊल टाकायचे आणि ४००० वजा करायचे. उरलेला भाग पुढच्या संकेताला जमा राहतो आणि कितीही वेढे झाले तरी गळती होत नाही.

वेढ्यामागे किती सरकायचे, याबद्दल माझे मत ठाम आहे: मानकातला कमाल बाहेरचा व्यास धरावा, त्यापेक्षा कमी नाही. सरकणे तारेच्या जाडीपेक्षा कमी पडले की तार चढणारच आणि एकदा चढलेली तार वरच्या प्रत्येक थरात वाढत जाते. किंचित जास्त झाले तर बारीक फट राहते आणि ती वरचा थर झाकतो. प्रत्येक नव्या रिळाची तार मायक्रोमीटरने मोजून घेतो, कारण त्याच तांब्यावर दुसऱ्या श्रेणीचे जाड इनॅमल असेल तर कमाल व्यास ०.२३९ मिमी असतो आणि थरात आठ-नऊ वेढे कमी बसतात.

गाइडपासून बॉबिनपर्यंतचे अंतर हा विषय किरकोळ वाटतो, पण थराच्या टोकाला तोच सर्वांत जास्त बोलतो. गाइड सरकत असताना तार बॉबिनवर थोडी मागे टेकते, आणि हे मागे राहणे म्हणजे मोकळ्या तारेची लांबी गुणिले एका वेढ्याचे सरकणे भागिले बॉबिनचा परीघ. मोकळी तार १०० मिमी आणि त्रिज्या १५ मिमी असेल तर ते ०.२४ मिमी येते, म्हणजे पुरी एक तार. गाइड कडेला पोचून उलट फिरतो तेव्हा तार अजून एक वेढा मागे असते, मग परतीच्या वाटेवर ती दुसऱ्या बाजूने मागे राहू लागते, आणि कडेपाशी खळगा पडतो. हेच अंतर ३० मिमीवर आणले की मागे राहणे ०.०७ मिमीवर येते. म्हणून गाइडची पुली एका पुढे-मागे सरकणाऱ्या पट्टीवर आहे आणि बॉबिनच्या कडेला न लागता जितकी जवळ नेता येईल तितकी ती मी नेतो. थोडेसे मागे राहणे मात्र उपयोगाचे आहे: त्यामुळे नवी तार आधीच्या वेढ्याकडे ओढली जाऊन त्याला घट्ट भिडते. हाताने गुंडाळणारे कारागीर तार किंचित मागे धरतात ती याचसाठी.

दिशा बदलताना स्क्रू आणि नटमधला खेळ, म्हणजे सैलपणा, हाही आडवा येतो. डायल गेज लावून मोजले तर साध्या पितळी नटमध्ये तो तारेच्या जाडीच्या बरोबरीने किंवा त्याहून जास्त भरू शकतो, म्हणजे मोटर फिरत असूनही गाइड एक वेढाभर जागचा हलत नाही. मी दोन नट मध्ये स्प्रिंग घालून एकमेकांपासून लांब ढकललेले ठेवले. मग आट्यांच्या दोन्ही बाजू नेहमी टेकलेल्या राहतात. प्रोग्रॅममध्ये ठरावीक पावले जास्त टाकून हा खेळ भरून काढता येतो, पण नट झिजत जातो तसा तो आकडा बदलतो. स्प्रिंग स्वतःहून जुळवून घेते.

दांड्याबद्दल थोडक्यात. ०.५ मिमी तारेला १० न्यूटन ताण आणि ४० मिमी त्रिज्या धरली तर लागणारे टॉर्क ०.४ न्यूटन-मीटर आहे, त्यामुळे मोटर मोठी लागत नाही. दांडा ८ मिमी व्यासाच्या पोलादी सळईचा, दोन ६०८ बेअरिंगवर, आणि मोटरपासून त्याला दातेरी बेल्ट. लांब बॉबिनसाठी लेथवर असतो तसा टेलस्टॉक आहे, जो बॉबिनचे दुसरे टोक टोकदार पिनने धरतो. चौकोनी बॉबिनच्या आत घट्ट बसणारे लाकडी ठोकळे, मधोमध भोक पाडून, प्रत्येक मापाचे वेगळे केले. भोक ठोकळ्याच्या मध्यापासून ढळले तर बॉबिन हेलकावते आणि स्प्रिंगच्या हाताने सांभाळायची मिलिमीटरभर तार विनाकारण वाढते, म्हणून हे भोक लेथवरच पाडावे. फिरणाऱ्या भागावर पारदर्शक झाकण आहे आणि ते उघडले की मोटरचा पुरवठा तुटतो. सैल बाही किंवा तारेचे सुटे टोक अडकण्याचा धोका कमी वेगातही असतोच.

वेढ्यांची मोजणी त्याच संकेतांवरून होते आणि आकडा प्रत्येक फेरीनंतर कायमच्या स्मृतीत लिहिला जातो, म्हणजे मध्येच वीज गेली तरी काम जिथल्या तिथे पुढे सुरू करता येते. ठरलेल्या आकड्याच्या वीस वेढे आधी वेग उतरू लागतो आणि शेवटच्या वेढ्याला दांडा ठराविक कोनात थांबतो, कारण टोक बाहेर काढायची खाच बॉबिनच्या एकाच बाजूला असते. प्रत्येक थर संपला की यंत्र आपणहून थांबते आणि मी थरावर पातळ पॉलिस्टर फिल्मची पट्टी बसवतो. तिची रुंदी बॉबिनपेक्षा किंचित जास्त ठेवून कडा वर वळवल्या की वरच्या थरातला टोकाचा वेढा खालच्या थरात घसरत नाही. दोन थरांमधला व्होल्टेजचा फरक टोकापाशीच सर्वांत मोठा असतो, म्हणून ही काळजी फक्त दिसण्यासाठी नाही.

यंत्र कसे गुंडाळते याची परीक्षा मी डोळ्यांनी घेतो, पण विश्वास रोधाच्या मोजमापावर ठेवतो. ०.२ मिमी तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला मीटरला ०.५४९ ओहम असतो. सरासरी वेढा १२० मिमी धरला तर १३८० वेढ्यांना १६५.६ मीटर तार लागते आणि रोध सुमारे ९१ ओहम यायला हवा. ताण जास्त होऊन तार लांबली असेल तर ते इथे पकडले जाते: लांबी दोन टक्के वाढली की तारेचे छेदक्षेत्रही तेवढेच कमी होते, आणि त्याच तारेचा रोध चार टक्के वाढतो. पण तांब्याचा रोध तापमानाच्या प्रत्येक अंशाला ०.३९ टक्के बदलतो, म्हणजे दहा अंशांचा फरकही जवळपास चार टक्केच दाखवतो. त्यामुळे कॉइल गुंडाळून झाल्यावर ती काही तास तशीच ठेवून, तिच्याशेजारी तापमापक ठेवून, रोध २० अंशांवर आणून मगच तुलना करतो. वेढ्यांचा आकडा तपासायचा असेल तर रोध पुरेसा नाही. त्यासाठी त्याच गाभ्यावर ज्ञात वेढ्यांची दुसरी कॉइल बसवून एकीला कमी व्होल्टेज देतो आणि दोन्हींच्या व्होल्टेजच्या गुणोत्तरावरून वेढे काढतो. एक वेढा शॉर्ट असेल तर तोही याच वेळी कळतो, कारण दुसऱ्या कॉइलला कोणताही भार न जोडताही प्रवाह नेहमीपेक्षा कितीतरी जास्त येतो.

प्रत्येक कॉइलसाठी वहीत एक ओळ लिहितो: तारेचा मोजलेला व्यास, गाइडचे सरकणे, स्प्रिंगचे छिद्र, वेग, तापमान आणि रोध. या नोंदींवरून एक गोष्ट स्पष्ट दिसली आहे. ०.१५ मिमीपेक्षा बारीक तारेला सध्याची स्प्रिंग सर्वांत सैल छिद्रातही थोडी कडकच पडते, कारण तिथे पुल्यांच्या बेअरिंगमधल्या ग्रीसचे घर्षणही ताणात मोजण्याइतके भर घालते. त्यासाठी हात आणि स्प्रिंगची वेगळी, अधिक हलकी जोडी आणि ग्रीस धुऊन पातळ तेल घातलेली बेअरिंग तयार करणे सुरू आहे. मूळ खांबावर दोन्ही हात बदलून बसवता यावेत म्हणून खांबाची बैठक एकाच बोल्टची ठेवली आहे.